व्हॉल्व्हच्या रेडिओची वीजजोडणी : वसई किनाऱ्याच्या संदर्भात

नालासोपाऱ्याहून पश्चिमेस जाणारा रस्ता निर्मळचे तळे मागे टाकून कळंब येथे समुद्राला मिळतो. वाड्या, विहिरी, सुरूची झाडे, खारा वारा आणि वर्षाचे चार महिने पडणारा पाऊस हे या गावाचे सर्वसाधारण रूप होय. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा प्रदेश २०१४ सालापासून पालघर जिल्ह्यात मोडतो. विजेच्या किंवा नभोवाणीच्या इतिहासात अशा गावांची नावे सहसा येत नाहीत. तो इतिहास कारखान्यांचा, केंद्रांचा आणि कायद्यांचा म्हणूनच लिहिला जातो. परंतु व्हॉल्व्हच्या रेडिओची वीजजोडणी सुरक्षित होती की नव्हती, हा प्रश्न कारखान्यात बसून सुटत नाही. तो सोडवावयाचा तर रेडिओ ज्या जमिनीवर, ज्या हवेत आणि ज्या हातांनी वापरला गेला तेथेच जावे लागते. युरोपातील कोरड्या, लाकडी तक्तपोशीच्या खोल्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेले यंत्र शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि खाऱ्या हवेत येऊन पोचले, तेव्हा त्याच्या रचनेतील कोणती गृहीते ढासळली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. माळ्यावरचे आणि चोरबाजारातले जुने रेडिओ पुन्हा खाली उतरवून चालू करण्याची हौस आज वाढली आहे. त्यामुळे या इतिहासाला जीविताच्या प्रश्नाचेही स्वरूप आले आहे.

मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. तेव्हाच्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचा प्रक्षेपक दीड किलोवॉटचा होता आणि त्याचा खात्रीचा टप्पा सुमारे ४८ किलोमीटर मानला जाई. नकाशावर हे वर्तुळ काढले तर वसईचा किनारा त्याच्या काठावर येतो. कंपनी १९३० साली बुडाली, सरकारने केंद्रे आपल्या हाती घेतली आणि १९३६ साली या सेवेस ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. त्याच १९३६ साली विरारपर्यंत विजेची आगगाडी धावू लागली. मात्र रुळांवरून १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वाहत असला तरी रुळांपासून काही मैलांवरील खेड्यांच्या घरांत रॉकेलचे दिवेच होते. ध्वनी आला, पण वीज आली नाही, असा हा काळ.

या काळातील खेड्यांतला रेडिओ बॅटरीवर चाले. व्हॉल्व्हच्या तंतूंसाठी कमी दाबाची एक बॅटरी आणि त्याच्या पट्टिकांसाठी ९० व्होल्टच्या आसपासची दुसरी, अशी सामग्री लागे. काही संच मोटारीच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर कंपित्राच्या साहाय्याने चालत. पुण्याच्या परिसरातील पाच जिल्ह्यांत १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने जो शेतकी रेडिओ-मंडळांचा प्रसिद्ध प्रयोग झाला, त्या काळीही वीज नसलेल्या गावांची सामुदायिक श्रवणाची सोय बॅटरीच्या संचांवरच अवलंबून होती. बॅटरीचा रेडिओ खर्चाचा आणि कटकटीचा असला तरी एका बाबतीत निर्धोक होता : त्याच्या दोन्ही तारा जमिनीशी कोणतेही नाते सांगत नसत. वीजकेंद्राशी जोडलेली तार मात्र हे नाते सदैव सांगत असते, कारण पुरवठ्याची एक तार, म्हणजे न्यूट्रल, उपकेंद्रापाशी जमिनीत गाडलेली असते. दुसऱ्या तारेला हात लावणारा मनुष्य जमिनीवर उभा असेल तर मंडल त्याच्या शरीरातून पूर्ण होते. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली आणि पुढील दशकांत खेडोपाडी तारा गेल्या. वीज घरात आली तशी बॅटरीच्या जागी भिंतीवरची खुंटी आली आणि रेडिओचे जमिनीशी नाते जुळले.

विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्ह-रेडिओंचे दोन वंश आहेत व त्यांत भेद न केल्यास पुढील सर्व विवेचन निरर्थक ठरेल. पहिल्या वंशात रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचे प्राथमिक वेटोळे भिंतीवरच्या विजेला जोडलेले आणि द्वितीयक वेटोळी आतील मंडलाला जोडलेली असतात. दोहोंमध्ये तांब्याचा दुवा नसतो, केवळ चुंबकीय क्षेत्राचा असतो. त्यामुळे रेडिओचा धातूचा सांगाडा, ज्याला दुरुस्ती करणारे ‘चॅसी’ म्हणतात, विजेच्या तारांपासून अलग राहतो. दुसरा वंश ‘एसी-डीसी’ म्हणून ओळखला जातो. एकदिश प्रवाहावर रोहित्र चालत नाही, आणि भारतातील काही शहरी भागांत, विशेषतः कोलकात्यात, एकदिश पुरवठा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालू होता. यास्तव दोन्ही प्रकारच्या विजेवर चालेल असा संच विकणे कारखानदारांना सोयीचे होते. शिवाय रोहित्रातील तांबे आणि पोलाद वाचल्याने रेडिओ स्वस्त व हलका होई. हा दुसरा लाभ पहिल्याहून चिरस्थायी ठरला. ज्या गावात एकदिश वीज कधी आलीच नाही तेथेही हे संच स्वस्ताईच्या बळावर गेले.

रोहित्र गेले म्हणजे काय झाले, हे आकड्यांनी पाहिल्यास नीट उमगते. फिलिप्स पद्धतीच्या ‘यू’ मालिकेतील व्हॉल्व्हचे तंतू एकापुढे एक असे माळेत गुंफलेले असतात आणि त्यांतून १०० मिलिअँपिअर प्रवाह जातो. यूसीएच ४२ ला १४ व्होल्ट, यूएफ ४१ ला १२.६, यूबीसी ४१ ला १४, यूएल ४१ ला ४५ आणि यूवाय ४१ ला ३१ व्होल्ट लागतात, बेरीज ११६.६ व्होल्ट भरते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून उरलेले ११३ व्होल्ट एका रोधकात जिरवावे लागतात. म्हणजे सुमारे ११३० ओहमचा हा रोधक सव्वाअकरा वॉट उष्णता पेटीच्या आत सतत ओकत राहतो. अमेरिकी पद्धतीच्या पाच व्हॉल्व्हच्या माळेत प्रवाह १५० मिलिअँपिअर असतो आणि बेरीज १२३ व्होल्टच्या जवळपास येते. ती रचना मुळात ११० ते १२० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी असल्यामुळे आपल्या विजेवर सोळा वॉट जाळावे लागत. काही संचांत हा रोधक चक्क दोरीत, म्हणजे बाहेरच्या वायरीत विणलेला असे आणि ती वायर तापत असे. दोरी लांब दिसते म्हणून ती कापून आखूड करणाऱ्याने नकळत रोधकच कापला, असे प्रकार जगभर झाले. माळेचे दुसरे टोक चॅसीला मिळते आणि चॅसी भिंतीतील एका तारेला मिळते. येथे चॅसी केवळ आधाराचा सांगाडा उरत नाही. ती प्रवाहाची वाट होते.

आता प्रश्न असा की, चॅसीला कोणती तार मिळते? न्यूट्रल मिळाली तर धोका अल्प. फेज मिळाली तर संपूर्ण चॅसी २३० व्होल्टवर. दोन पिनांचा प्लग कसाही उलटसुलट बसतो, म्हणून हा निर्णय प्लग लावणाऱ्याच्या हाताकडे, म्हणजे नाणेफेकीकडे जातो. पुष्कळ घरांत वेगळे सॉकेटही नसे. दिव्याच्या होल्डरमध्ये बसणारा अ‍ॅडॅप्टर लावून त्यावरच रेडिओ चालवीत, आणि त्या अ‍ॅडॅप्टरलाही डावेउजवे नसे. कापडी वेष्टनाच्या वायरीत दोन्ही तारा एकाच रंगाच्या असत, तेव्हा रंगावरून ओळखण्याचीही सोय नव्हती.

बटण बंद केले म्हणजे निर्धास्त झालो, ही समजूत तर सर्वांत घातक होय. रेडिओतील बटण एकाच तारेत बसविलेले असेल आणि ती तार चॅसीकडे जाणारी असेल, तर पुढील विचित्र अवस्था संभवते. प्लग ‘योग्य’ बाजूने लावला असता चालू रेडिओची चॅसी न्यूट्रलवर असते. पण बटण बंद करताच न्यूट्रल तुटते आणि फेज रोधकातून व तंतूंच्या माळेतून चॅसीवर येऊन उभी राहते. व्हॉल्व्ह विझलेले, दिवा मालवलेला, आवाज नाही. परंतु चॅसी जिवंत! प्लग उलटा लावला तर रेडिओ चालू असताना चॅसी जिवंत आणि बंद असताना मृत. आणि बटण चॅसीच्या तारेत नसून दुसऱ्या तारेत असेल, तर उलट्या प्लगाने चॅसी दोन्ही अवस्थांत जिवंत राहते. अशा मंडलात माळेचा व रोधकाचा अडथळा आहे हे खरे. तथापि ओल्या शरीराचा रोध दोन हजार ओहम धरला आणि त्यात हा तेराशे ओहमचा अडथळा मिळविला तरी प्रवाह सुमारे ७० मिलिअँपिअर भरतो. विजेची तार हातात धरलेल्या मनुष्याला ती सोडता येण्याची मर्यादा कोणती, याचे प्रयोग अमेरिकेत चार्ल्स डॅल्झिएल यांनी बर्कली येथे केले. पुरुषांसाठी ती सरासरी १६ आणि स्त्रियांसाठी १०.५ मिलिअँपिअर आढळली. सत्तर हा आकडा या दोहोंच्या कितीतरी पलीकडचा, हृदयाची गती बिघडविणारा आहे.

कारखानदारांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. त्यांनी पेटी लाकडाची वा बॅकेलाइटची केली, मागे छिद्रांचा पुठ्ठा लावला, गुंड्यांचे स्क्रू खोल भोकात बसवून वर मेण भरले, आकाशतारेच्या आणि भूमीच्या खोबणींना धारित्रे म्हणजे कंडेन्सर लावून त्या चॅसीपासून तोडल्या. प्लग काढल्याशिवाय मागची फळी उघडू नये, असेही बजावले. म्हणजे संरक्षणाची सारी भिस्त पेटीवर होती. पेटी अभंग असेतो चॅसी जिवंत असली काय नि मृत असली काय, हातास लागत नाही, असा हा युक्तिवाद आहे आणि तो आपल्या जागी अचूक आहे. त्याच्या पाठीशी आणखी एक न बोललेले गृहीत होते : पेटी फुटलीच तरी खोलीची जमीन लाकडी आणि कोरडी, पायांत बूट आणि हात कोरडे असतील. ही दुसरी संरक्षक फळी यंत्रात नव्हती, घरात होती.

कोकणच्या घरात ही दुसरी फळी नव्हतीच. शेणाने सारवलेली किंवा लादीची ओलसर जमीन, अनवाणी पाय, घामेजलेले अंग, श्रावणात भिंतींना सुटलेला ओलावा या सर्वांनी मिळून मनुष्य जमिनीशी जवळजवळ तारेने जोडल्यासारखा होतो. त्यात पेटीही अभंग राहत नसे. गुंडी हरवली की तिचा धातूचा दांडा उघडा पडे आणि तोच बोटांनी फिरविला जाई. मागचा पुठ्ठा दमट हवेने कुजे किंवा दुरुस्तीच्या वेळी काढलेला परत लागत नसे. सामुदायिक आठवणींत राहिलेला एक प्रसंग या संदर्भात वेगळ्याच अर्थाने वाचता येतो. पुणे केंद्रावरून १९५५-५६ साली ‘गीतरामायण’ प्रसारित होत असताना लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत, हे सर्वश्रुत आहे. ती भक्ती खरी होती. परंतु ओल्या फुलांचा हार आणि अनवाणी पाय यांच्या मधोमध जर एसी-डीसी संचाचा उघडा दांडा असेल, तर त्या चित्राकडे पाहताना विद्युत्-अभियंत्याच्या अंगावर काटा उभा राहावा. समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमारांसाठी आकाशवाणी हवामानाच्या सूचना देत आली आहे. त्या ऐकण्यासाठी पहाटे ओल्या हाताने गुंडी फिरविणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसालाही हेच लागू होते.

खाऱ्या हवेचा दुसरा आघात आतल्या सुट्या भागांवर होतो आणि तो रोहित्राच्या संचालाही चुकत नाही. त्या काळची धारित्रे मेणाने मढविलेल्या कागदाची असत. मेणाला तडे गेले की कागद दमट हवा शोषतो आणि धारित्र हळूहळू रोधक बनून प्रवाह गळू देते. विजेच्या दोन तारांच्या मध्ये किंवा तार आणि चॅसी यांच्या मध्ये गोंगाट कमी करण्यासाठी लावलेले धारित्र असे गळू लागले, तर रोहित्राने अलग राखलेली चॅसीही मागल्या दाराने विजेस जोडली जाते. काही संचांत विजेच्या तारांचाच आकाशतारेसारखा उपयोग व्हावा म्हणून फेजपासून आकाशतारेच्या खोबणीपर्यंत एक धारित्र नेलेले आढळते. ते फुटले तर माडाच्या किंवा बांबूच्या टोकाला बांधलेली उघडी तार जिवंत होईल. वायरींवरचे रबर उष्णतेने ठिसूळ होते व वाकवताच भुकटी होऊन पडते. वर कापडी वेष्टन शाबूत असल्याने ही झीज डोळ्यांना दिसत नाही. लोखंडी चॅसी गंजते, आणि मिठाचा पातळ थर बसलेल्या फळीवरून प्रवाहाला सरपटत जाण्यास वाट मिळते. पंचवीस वर्षांत जी झीज डेक्कनच्या कोरड्या हवेत व्हावी ती किनाऱ्यावर त्याहून लवकर होते, असे मानण्यास जागा आहे.

या सर्व काळात कायदा कोठे होता? १९१० च्या विद्युत् अधिनियमाखालील १९३७ व नंतर १९५६ च्या नियमांनी घरातील तारा, फ्यूज आणि भूसंपर्क यांविषयी बऱ्याच तरतुदी केल्या होत्या. पण भूसंपर्काचा सर्वसाधारण सिद्धान्त प्रवाह वाहण्यासाठी नसलेल्या धातूच्या भागांना लागू पडतो, आणि एसी-डीसी संचात तर चॅसी हीच प्रवाहाची वाट. तिला जमिनीशी थेट जोडावी तर फ्यूज उडणार. न जोडावी तर ती जिवंत राहण्याची शक्यता. शिवाय नियमांची नजर भिंतीवरच्या सॉकेटपाशी थांबते, त्यापुढचे उपकरण मालकाचे. आंतरराष्ट्रीय विद्युत् आयोगाने घरगुती ध्वनियंत्रांच्या सुरक्षिततेचे मानक (क्रमांक ६५) १९५२ साली काढले आणि भारतीय मानक संस्थेनेही याच विषयावर आय. एस. ६१६ हे मानक तयार केले. मानके नव्या संचांना वळण लावतात; घरात आधीच आलेल्या संचांना ती शिवत नाहीत. याउलट सरकारचा रेडिओशी प्रत्यक्ष संबंध येई तो परवान्याच्या फीपुरता. पोस्टात दरवर्षी भरावयाच्या त्या पुस्तिकेमुळे देशात रेडिओ किती याची मोजदाद होत होती. त्यांतील किती निर्धोक, हे विचारण्याचे काम कोणत्याच खात्याकडे नव्हते.

ही पोकळी काही अंशी दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांनी भरून काढली. ठाण्यात मर्फीचा कारखाना, मुंबईत नॅशनल एको, कोलकात्यात फिलिप्स असे उत्पादन देशातच होऊ लागल्यावर सुटे भाग मिळू लागले आणि स्टेशनाजवळच्या बाजारपेठांत दुरुस्तीची दुकाने निघाली. या दुकानांतील दोन प्रथा उल्लेखनीय आहेत. एक, संशयित संच प्रथमच चालू करताना विजेच्या बल्बच्या माळेत जोडणे, म्हणजेच ‘सिरीज’ लावणे. आत आडवी तार लागलेली असेल तर बल्ब पूर्ण उजळतो आणि संच जळत नाही. दुसरी, चालू चॅसीवर काम करताना एक हात खिशात ठेवणे, म्हणजे हृदयातून हातोहात प्रवाह जाऊ नये. दोन्ही प्रथा शहाणपणाच्या आहेत. मात्र पहिली यंत्राचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. सिरीजच्या बल्बमधूनही प्राणघातक प्रवाह सहज मिळतो, हे नवशिक्याला सांगावे लागते.

जुना संच हाती आला असता तो कोणत्या वंशाचा, हे प्लग न लावता ओळखता येते. युरोपीय व्हॉल्व्हच्या नावाचे पहिले अक्षर तंतूचा प्रकार सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, बहुधा रोहित्राचा संच; ‘यू’ म्हणजे १०० मिलिअँपिअरची माळ, ‘सी’ म्हणजे २०० ची, आणि ‘डी’ म्हणजे बॅटरीचा. फिलिप्सच्या नमुना-क्रमांकाच्या अखेरीसही ए म्हणजे एसी, यू म्हणजे एसी-डीसी, बी म्हणजे बॅटरी अशी खूण असते. अमेरिकी व्हॉल्व्हवर १२, ३५, ५० असे आकडे दिसले की माळ समजावी. तरीही अक्षरांवर विसंबू नये, कारण काही संचांत एकाच वेटोळ्याचे रोहित्र असते व ते चॅसीला अलग करीत नाही. प्लगच्या प्रत्येक पिनेपासून चॅसीपर्यंतचा रोध, बटण चालू ठेवून व बंद ठेवून, मापकाने पाहणे हीच खरी परीक्षा. निऑनचा टेस्टर येथे फसवा आहे. अलग असलेली चॅसीही अल्पशा गळतीने त्यास उजळविते.

दोन वेटोळ्यांच्या रोहित्राचा संच सुधारणे तुलनेने सोपे आहे. दोन तारांची दोरी काढून तीन तारांची घालावी आणि तिसरी, हिरवी तार चॅसीला घट्ट, स्वतंत्र स्क्रूने जोडावी; दोरी जेथे आत शिरते तेथे रबरी कडी आणि ताण धरणारी पकड असावी. त्याआधी प्राथमिक वेटोळे आणि चॅसी यांतील निरोधन ५०० व्होल्टच्या मेगरने तपासावे. ते निदान दोन मेगओहम नसेल तर रोहित्र मंद उष्णतेने वाळवून पुन्हा पाहावे. किनाऱ्यावर पावसाळ्यात हा उपाय बरेचदा लागतो. फेजच्या तारेत फ्यूज घालणे अत्यावश्यक आहे. पन्नास वॉटचा संच पाव अँपिअरही घेत नाही, आणि घरातील पाच अँपिअरचा फ्यूज साडेअकराशे वॉटपर्यंत स्वस्थ बसून राहतो. तेवढ्या अवधीत आतले मेण आणि लाकूड पेट घेऊ शकते. अर्धा अँपिअरचा मंद फ्यूज या कामी पुरतो. विजेच्या तारांवरची जुनी कागदी धारित्रे काढून दोन तारांमध्ये एक्स-वर्गाची आणि तार व चॅसी यांच्या मध्ये वाय-वर्गाचीच धारित्रे बसवावीत. वाय-वर्गाचे धारित्र बिघडले तरी आडवी वाट करून देऊ नये अशाच बेताने घडविलेले असते. त्याचे मूल्यही बेताचे हवे : २३० व्होल्ट, ५० आवर्तनांवर ०.०१ मायक्रोफॅरडमधून ०.७२ मिलिअँपिअर वाहतो, जो बोटांना मुंग्या आणतो, ०.००४७ मधून ०.३४. विजेपासून आकाशतारेकडे नेलेले धारित्र मात्र बदलू नये. ते काढूनच टाकावे.

एसी-डीसी संचाला हा उपाय लागू नाही, आणि हौशी मंडळींची चूक नेमकी येथे होते. तीन तारांची दोरी घालून हिरवी तार चॅसीला जोडली की सुरक्षितता आली, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात न्यूट्रल आणि भूमी घरातच एकत्र येतात, किंवा प्लगमधील तारा उलट असतील तर फेज थेट भूमीला मिळते. या वंशाला खरे औषध एकच, कारखान्याने वाचविलेले रोहित्र बाहेरून परत देणे. एकास एक प्रमाणाचे, दोन स्वतंत्र वेटोळ्यांचे, १०० व्हीए क्षमतेचे अलगकारी रोहित्र सॉकेट आणि रेडिओ यांच्या मध्ये ठेवल्यास चॅसीचे जमिनीशी नाते तुटते, आणि बॅटरीच्या संचाची ती जुनी निर्धोक अवस्था पुन्हा येते. त्या एका रोहित्रावर एकाच वेळी एकच संच चालवावा. दोन जिवंत चॅसी एकत्र आल्या की अलगपणाला अर्थ राहत नाही. ते उपलब्ध नसल्यास दुय्यम उपाय म्हणून तीन पिनांच्या प्लगाने दिशा पक्की करावी, चॅसी न्यूट्रलकडे न्यावी, दोन्ही तारा तोडणारे बटण बसवावे, भूमीची पिन मोकळी ठेवावी, गुंड्यांचे स्क्रू व मागची फळी पूर्ववत करावी आणि आकाशतारेच्या खोबणीतील धारित्रे वाय-वर्गाची घालावीत. पण हा उपाय भिंतीवरच्या सॉकेटमध्ये फेज खरोखरच उजवीकडे आहे या गृहीतावर उभा आहे, आणि आपल्याकडील वायरिंगचा अनुभव पाहता ते प्रत्येक सॉकेटवर स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाही.

अलीकडे एक नवा धोका उत्पन्न झाला आहे. बऱ्याच जुन्या संचांच्या पाठीमागे ग्रामोफोनच्या पिक-अपसाठी दोन खोबणी असतात. मोबाइलमधील गाणी जुन्या ध्वनिवर्धकातून ऐकावीत या हौसेने त्यांत तार जोडली जाते. रोहित्राच्या संचात हे चालून जाते. एसी-डीसी संचात त्या तारेचा एक पदर थेट चॅसीलाच मिळालेला असू शकतो. म्हणजे हातात धरलेला मोबाइल, त्याची धातूची कड आणि कानातली तार ही सारी २३० व्होल्टवर. पेटीने जे सत्तर वर्षे झाकून ठेवले ते या एका तारेने बाहेर काढून हातात दिले जाते. अलगकारी रोहित्राखेरीज, किंवा ध्वनीसाठी योग्य निरोधन असलेल्या स्वतंत्र रोहित्राखेरीज, अशी जोडणी करूच नये.

गळती होताच पुरवठा तोडणारे ३० मिलिअँपिअरचे यंत्र, ज्याला बाजारात आरसीसीबी म्हणतात, ते नव्या घरांत असते आणि जिवंत चॅसीला हात लागून प्रवाह जमिनीत गेला तर ते प्राण वाचवील. परंतु एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याचे ते रक्षण करीत नाही, आणि अलगकारी रोहित्राच्या पलीकडे काय चालले आहे हे त्यास कळतही नाही. रेडिओच्या आतील पट्टिकांचा अडीचशे-तीनशे व्होल्टचा एकदिश दाब तर प्लग काढल्यावरही गाळणीच्या धारित्रांत काही काळ साठून राहतो. तो रोधकातून जिरवूनच आत हात घालावा.

राहता राहिला जतनाचा प्रश्न. जुना रेडिओ हे इतिहासाचे साधन आहे. त्याची कापडी दोरी, दोन पिनांचा प्लग, मेणाची धारित्रे हीसुद्धा त्या काळाची साक्ष देतात. ती काढून फेकणे म्हणजे हस्तलिखिताची पाने नवी आहेत म्हणून बदलण्यासारखे नसले, तरी त्याच्या जवळपासचे आहे. उलट ती तशीच ठेवून संच चालविणे हे घरातील माणसांच्या जिवाशी खेळणे होय, आणि येथे निवड करण्यास वाव नाही. मधला मार्ग असा की, बदल परतविता येतील असेच करावेत : नवी भोके पाडू नयेत, बाह्य रोहित्राला आतील फेरफारापेक्षा अग्रक्रम द्यावा, काढलेला प्रत्येक भाग कागदी पाकिटात घालून पेटीच्या तळाशीच ठेवावा आणि मागच्या फळीच्या आतून एक चिठ्ठी डकवावी. चॅसी विजेपासून अलग आहे की नाही, हिरवी तार कोठे जोडली आहे किंवा का जोडलेली नाही, कोणती धारित्रे कोणत्या साली बदलली, हे तीत लिहावे. संग्रहालयात मांडलेला एसी-डीसी संच मात्र विजेला जोडूच नये. त्याच्यातून आवाज यावा असे वाटत असेल तर पेटीच्या मागे बॅटरीवरचा लहान ध्वनिक्षेपक ठेवावा आणि तसे तेथील पाटीवर नमूद करावे.